ॲन आर्बरच्या रंगमंचावर माझा झाडू

अमेरिकेहून परत आल्यापासून साताऱ्यात भेटेल तो मला एकच विचारतो, "नायगारा पाहिलात ना?" नाही पाहिला. तीन आठवडे राहून मी अमेरिकेत धड पाहिलं ते एक स्वयंपाकघर. त्याला भिंती नव्हत्या, पण नळाला खरं पाणी होतं आणि शेगडीवर रोज संध्याकाळी खरी अंडी तळली जात. ते स्वयंपाकघर मी एका सकाळी झाडून काढलं आणि त्या झाडण्यापायी माझ्या मुलीचं सगळं करिअर बुडायची वेळ आणली. आता नायगाऱ्यात याहून जास्त काय कोसळणार होतं?

मी शाळेत मराठी शिकवते आणि गेली बावीस वर्षं आमच्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करते. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन. आमच्या संस्थेचं एकही नाटक मी समोरून पाहिलेलं नाही. वैशाली, माझी एकुलती एक लेक, लहानपणी त्याच स्टुलाजवळ चटईवर झोपायची. पुढे ती सिव्हिल इंजिनियर झाली आणि एम.एस. करायला मिशिगनमधल्या ॲन आर्बरला गेली. आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर, त्यामुळे घरात पेढे वाटले गेले. दीड वर्षाने तिचं पत्र आलं की ती एम.एस. सोडून तिथल्याच विद्यापीठाच्या नाट्यविभागात गेली आहे, स्टेज मॅनेजमेंट शिकायला. ह्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि तिला पत्र लिहिणं बंद केलं. आठ महिने. शेवटी मला सुट्टी घ्यायला लावली आणि विमानात बसवताना म्हणाले, "तिला घेऊनच ये."

तर मी अमेरिका बघायला नाही, मुलीला उचलून आणायला गेले होते.

ॲन आर्बर, पहिले दिवस

गाव देखणं आहे. ऑक्टोबर होता. झाडं अशी लाल-पिवळी, की मला वाटलं कुणीतरी मुद्दाम रंगवून उभी केली आहेत. रस्त्यावर सगळी विद्यार्थी मंडळी, पाठीला पोतडी, सायकलीवर स्वार. बस ठरल्या वेळेला येते आणि ड्रायव्हर "गुड मॉर्निंग" म्हणतो. पहिल्या दिवशी मला वाटलं तो मला ओळखतो, म्हणून मी त्याची चौकशी करत उभी राहिले आणि मागे रांग खोळंबली. वैशालीने मला दंडाला धरून आत नेलं.

तिची खोली एवढीशी. टेबलावर इंजिनियरिंगचं एकही पुस्तक नाही. रंगीत चिकटपट्ट्यांची गुंडाळी, विजेऱ्या आणि एक जाडजूड फाइल. तिने मला मुगाची खिचडी करून वाढली, वर तूप, आणि आम्ही दोघी साताऱ्यातल्या सगळ्या माणसांबद्दल बोललो. फक्त तिच्या बाबांबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला तालमीला घेऊन गेली. रिकामं थिएटर, आणि रंगमंचाच्या मधोमध काठीवर एक उघडा बल्ब जळत होता. म्हटलं, हा कुणी विसरलं वाटतं, म्हणून बटण शोधायला लागले. "आई, थांब! तो बंद नाही करायचा. थिएटर रिकामं असलं की तो असाच ठेवतात." कारण विचारलं तर म्हणाली, "अंधारात कुणी पडू नये म्हणून. आणि काही जण म्हणतात, भुतांना उजेड हवा म्हणून." मला ते फार आवडलं. आपण देवापुढे समई लावतो, हे भुतांसाठी बल्ब लावतात. रिकाम्या रंगमंचाला एकटं सोडायचं नाही, एवढं दोघांनाही कळतं.

आता नाटकाविषयी. आपल्याकडे नाटकातलं घर म्हणजे दिवाणखाना. मधोमध सोफा, मागे जिना, दोन दारं, आणि फोन. पाहुणे येतात, चहा येतो, भानगडी होतात. तिथे मी तीन आठवड्यांत तीन नाटकांच्या तालमी पाहिल्या आणि तिन्ही नाटकं स्वयंपाकघरात घडत होती! वैशालीला विचारलं तर म्हणाली, "आई, यांच्याकडे नवी नाटकं बघ, बहुतेक सगळी घरातल्यांचीच. बाप आणि मुलगा, गेलेली नोकरी, विकायला काढलेलं घर. आणि मेन म्हणजे, जे बोलायचं ते कुणी बोलतच नाही." मी म्हटलं, "मग एवढं लिहितात काय?" तर हसली.

तिच्या नाटकात एक म्हातारा होता. गाड्यांच्या कारखान्यातून त्याला काढून टाकलेलं आहे, पण त्याने घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी बायको अंडी तळते, डबा भरते, तो टोपी घालून निघतो आणि दिवसभर वाचनालयातल्या बाकावर बसून राहतो. बायकोला माहीत आहे. मुलीला माहीत आहे. कुणी बोलत नाही. शेवटच्या प्रवेशात बायको अंडी तळते पण डबा भरत नाही. रिकामा डबा उघडाच त्याच्यासमोर ठेवते. बस्स, पडदा. म्हणजे पडदाही नाही, नुसता अंधार.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे काय नाटक झालं? आमच्या नटाने इथे पाच मिनिटांचं स्वगत घेतलं असतं आणि टाळ्या वसूल केल्या असत्या. चौथ्या दिवशी तो डबा उघडताना मला हुंदका आला. आपल्या घरातही आठ महिने असाच उघडा डबा पडून होता की.

म्हाताऱ्याचं काम करणारे वॉल्टर खरोखरच सत्तरीचे आणि खरोखरच कारखान्यात आयुष्य काढलेले. ते मला "मिसेस वैशाली" म्हणत. दिग्दर्शिका कॅरलबाई साठीच्या, केस आखूड, कानावर पेन्सिल. त्याच वैशालीच्या प्राध्यापिका. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे सगळे त्यांना टरकून असत. आणि वैशालीचं काम काय? तर रोज चार अंडी फ्रिजमध्ये आहेत ना ते बघायचं, नट वाक्य विसरून "लाइन!" म्हणाला की ते द्यायचं, आणि अंधारात सामान हलवून घ्यायचं. मुलीला एम.एस. करायला पाठवली, आणि ती अंडी सांभाळतेय! वर त्या अंड्यांचा वास. मी पहिले दोन दिवस नाकाला पदर लावून बसले. पण "लाइन!" म्हटल्याबरोबर ती नटाला वाक्य द्यायची, हलक्या आवाजात, पहिले तीनच शब्द, त्याचा श्वास तुटू न देता, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. ते तिला मी कधी शिकवलं नव्हतं. चटईवर झोपून शिकली असणार.

त्यांच्याकडे प्रयोगाला प्रॉम्प्टर नसतोच, हे कळल्यावर मी हादरले. विसरला तर? "विसरत नाहीत," वैशाली म्हणाली. मी मनात म्हटलं, आमच्याकडच्या काही नटांना इथे पाठवायला हवं.

ट्रॉय, रविवार

रविवारी ट्रॉयच्या फडकेकाकांनी नेलं. हे ह्यांचे कॉलेजमित्र, गाड्यांच्या कंपनीत नोकरी, घर एवढं मोठं की मी बाथरूममधून परत येताना चुकले. काकूंनी श्रीखंड-पुरी केली होती, श्रीखंड दह्याचं नाही, सावर क्रीमचं, पण चव झकास.

"वैशू, अगं एक सेमिस्टर राहिलं होतं तुझं! फिनिश करून टाक ना," काका म्हणाले. "ड्रामा वीकएंडला कर. आम्ही मंडळात करतोच की."

"काका, वीकएंडला ब्रिज बांधता येतो का?" वैशाली म्हणाली.

काकूंची तेरा वर्षांची शिल्पा पुरी तोडता तोडता म्हणाली, "बट इट्स सो कूल, बाबा!" काका तिच्याकडे असे बघायला लागले, जणू साथीचा रोग घरात शिरला. मला हसू आलं, ते मी पुरीत लपवलं. पण निघताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, तिची पुढच्या वर्षीची असिस्टंटशिप या नाटकावर आहे म्हणे. ती नाही मिळाली तर फी भरणं अशक्य, तिला परत यावंच लागेल. तुम्ही नुसतं थांबा." त्या रात्री मला झोप आली नाही. नुसतं थांबायचं होतं, पण पोटच्या पोरीचं काम बिघडावं म्हणून वाट बघत बसणं मला जमेना.

पुन्हा ॲन आर्बर, शुक्रवार

शुक्रवारी पहिला प्रयोग. वैशाली मला सकाळी नऊलाच थिएटरवर घेऊन गेली आणि "आई, अंडी आणि बल्ब घेऊन येते, तासाभरात," म्हणून सायकलवर पळाली.

आता आमच्याकडे पहिल्या प्रयोगाला काय करतात? रंगमंच स्वच्छ झाडायचा, नटराज मांडायचा, उदबत्ती, नारळ. गेली बावीस वर्षं झाडायचं काम माझं, कुणाला करू देत नाही. नारळ मी आदल्या दिवशी दुकानातून आणून पिशवीत ठेवलाच होता. मी रंगमंचावर चढले आणि बघते तो काय, जमीन नुसती कचऱ्याने भरलेली! सगळीकडे पिवळे, निळे, लाल चिकटपट्टीचे तुकडे. कोपऱ्यांत, खुर्च्यांच्या पायांशी, टेबलाखाली. म्हटलं, पोरं फार अव्यवस्थित. पदर खोचला. टेबल, खुर्च्या, फ्रिज, बाक, सगळं एका बाजूला ओढलं. फ्रिजला चाकं होती, नाहीतर मी तिथेच आडवी झाले असते. नखांनी एकेक तुकडा काढला. मग झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं. जमीन आरशासारखी झाली. तुकड्यांचा मोठा लाडू करून कचऱ्यात टाकला, आणि लेकीला दाखवायला कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

वैशाली आली. तिच्या हातातली अंडी कशी पडली नाहीत, देवच जाणे. चेहरा पांढराफटक.

"आई, पट्ट्या कुठायत?"

"कचऱ्यात. अगं किती घाण…"

तिने अंडी टेबलावर ठेवली. मग तिने सांगितलं. दोन प्रवेशांच्या मध्ये पूर्ण अंधार होतो, त्या अंधारात सामान हलवतात आणि प्रत्येक पाय आपापल्या पट्टीवर नेऊन ठेवतात. पिवळी स्वयंपाकघराची, निळी ओसरीची, लाल वाचनालयाची. दिवे त्या जागांवर नेमून बांधलेले. आणि वॉल्टर, सत्तर वर्षांचा माणूस, अंधारात चालत येऊन न चाचपता खुर्चीवर बसतो. खुर्ची वीतभर सरकली तर माणूस जमिनीवर.

आमच्याकडे दोन प्रवेशांच्या मध्ये आम्ही सरळ पडदा पाडतो आणि हातोड्यांचे आवाज करत काय हवं ते मांडतो. अंधाराचा इतका बारीक हिशेब मी कधी ऐकलाच नव्हता. "अगं, मग नकाशा असेल ना?"

"आहे. पण सोमवारच्या तालमीत कॅरलने सगळं हलवलं, आणि दिव्यांचा उजेड एवढा पसरतो की त्यावरून वीतभराचा हिशेब लागत नाही. नवीन मापं मी आज घेणार होते."

कॅरलबाई आल्या. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खोचलेल्या पदराकडे पाहिलं. मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगायला लागले, चूक माझी, फक्त माझी, पोरीचा काही दोष नाही. वैशालीने मला थांबवलं. मराठीत म्हणाली, "आई, पट्ट्या तू काढल्यास. पण मापं लिहून ठेवायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही." आणि तेच कॅरलबाईंना इंग्रजीत सांगितलं, मान ताठ ठेवून. मला इतकं वाईट वाटत होतं, तरी त्या क्षणी तिचा अभिमान वाटला. लपवून तिला सहज निभावता आलं असतं, दोष घ्यायला म्हातारी आई होतीच की समोर.

कॅरलबाई शांतपणे म्हणाल्या, चारपर्यंत सगळं जागेवर बसलं तर ठीक. नाहीतर वॉल्टरला मी अंधारात पाठवणार नाही, दिवे लावून सामान हलवू, आणि या प्रयोगावर वैशाली नसेल.

म्हणजे बघा, ह्यांनी जे काम मला सांगितलं होतं ते माझ्या झाडूने परस्पर उरकलंच होतं. मी नुसतं गप्प बसायचं, की लेक माझ्याबरोबर साताऱ्याला. त्या पाच मिनिटांत मला लख्ख कळलं की मला ते नको आहे. मला माझी मुलगी हरून घरी यायला नको होती.

मी म्हटलं, "वैशाली, वॉल्टरना बोलाव. सगळ्यांना बोलाव. नट वाक्य विसरतो, पण त्याचे पाय विसरत नाहीत. बावीस वर्षं बघतेय मी. डोळे मिटून चालू दे त्यांना, मी वाक्यं देते."

वैशालीने कॅरलबाईंकडे पाहिलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "ट्राय इट."

दोन वाजता मंडळी आली. मी विंगेत स्टूल टाकलं, मांडीवर तिची फाइल घेतली. माझ्या सातारी इंग्रजीत वाक्य सुरू केलं की वॉल्टर डोळे मिटून चालायला लागत, मागे वैशाली हात पसरून. सात पावलं टाकून ते थांबले, गुडघे वाकवले आणि म्हणाले, "माझी खुर्ची इथे आहे." वैशालीने खाली पट्टी लावली. दिवेवाल्याने वरून तो दिवा लावला. उजेडाचा गोल बरोब्बर पट्टीवर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टेबल, शेगडी, ओसरीची पायरी. एकेक वाक्य, एकेक पाऊल, एकेक पट्टी. बायकोचं काम करणारी बाई तर हवेतलाच फ्रिज उघडून अंडं काढून दाखवत होती, आणि आम्ही तिच्या हाताखाली फ्रिज ढकलत होतो.

वाचनालयाचा बाक मात्र बसेना. वॉल्टर दोनदा दोन वेगळ्या जागी थांबले. साडेतीन झाले होते. वैशालीचे ओठ पांढरे पडलेले. मी डोळे मिटले आणि आठवलं. दहा दिवस मी याच विंगेतून बघत होते, आणि कॅरलबाईंनी सामान हलवल्यापासून माझी एक तक्रार होती: म्हातारा डब्यातून काय खातो ते मला कधी दिसायचं नाही. डबा दिसायचा, हात दिसायचा, तोंड फ्रिजच्या कडेआड जायचं. "बाक डावीकडे घ्या," मी ओरडले. "आणखी! आणखी थोडा! वॉल्टर, खाऊन दाखवा!" त्यांनी हवेतलं सँडविच तोंडाकडे नेलं आणि तोंड कडेआड गेलं. "हां! तिथेच!" वरून दिवा लागला. बाक उजेडात होता.

चार वाजायला दहा मिनिटं होती. वैशाली माझ्या गळ्यात पडली आणि रडली, मीही रडले. मग लगेच डोळे पुसून तिने मोजायची फीत काढली आणि सगळ्या पट्ट्यांची मापं लिहून घेतली.

नारळ राहिलाच होता. रंगमंचावर पाणी सांडणार म्हटल्यावर कॅरलबाईंनी नकार दिला, आणि आता माझी वाद घालायची प्राज्ञा नव्हती. तो आम्ही मागच्या दाराच्या पायरीवर फोडला. वॉल्टरनी खोबरं चावलं, विचार केला आणि म्हणाले, कारखाना सांभाळून चाळीस वर्षं नाटक करतोय, कुणी आधी खायला दिलं नव्हतं.

प्रयोगाला मला समोरची खुर्ची देत होते. मी नको म्हटलं, विंगेतच बसले. नाटक पाहिलंच नाही, खरं सांगते. वैशाली कानाला हेडफोन लावून अंधारात उभी होती. तिने कुजबुजून "गो" म्हटलं की पहाट व्हायची, "गो" म्हटलं की स्वयंपाकघर जाऊन वाचनालय यायचं, आणि वॉल्टर काळोखात सात पावलं चालून निर्धास्त बसायचे. मी बावीस वर्षं अंधारात कुजबुजले, पण माझं काम कुणीतरी चुकलं तरच सुरू व्हायचं. हिच्या कुजबुजण्यावर सगळं घर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर मी तिला म्हटलं, "बाबांनी मला तुला न्यायला पाठवलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आल्यापासून तू माझ्या बॅगेकडे बघतेयस."

"मी नेणार नाही."

तिने माझा हात घट्ट धरला. बस आली, आणि या वेळी ड्रायव्हरची चौकशी तिने केली.

सातारा

एकटीच परत आले. ह्यांनी स्टँडवर माझ्यामागे दोनदा डोकावून पाहिलं आणि रिक्षा ठरवली. जेवताना मी सगळं सांगितलं, झाडूसकट. हे खाली मान घालून जेवत राहिले. ताक पिऊन झाल्यावर एकच विचारलं, "मापं घेऊन ठेवली नव्हती तिने?"

"नव्हती."

"मग चूक तिचीच," म्हणाले, आणि हात धुवायला उठले. माझं तोंड इतकं कडू झालं की मी भांडी आपटतच घासली.

काल सकाळी शाळेला निघताना ह्यांनी माझ्या हातात एक एअरोग्राम ठेवला. "पोस्टात टाक." डिंक लावलेला नव्हता. कोपऱ्यावर गेल्यावर मी तो उघडला. वर "चि. वैशालीस अनेक उत्तम आशीर्वाद," आठ महिन्यांनंतर. खाली पट्टीने आखलेली आकृती: रंगमंच, स्वयंपाकघर, बाक. दोन कोपऱ्यांत दोन खिळे ठोकायचे, प्रत्येक पट्टीचं अंतर दोन्ही खिळ्यांपासून मोजायचं, म्हणजे सगळ्या पट्ट्या गेल्या तरी दोन फितींनी कुठलीही जागा पुन्हा सापडते. धरणावर आम्ही असंच करतो. पुढचं नाटक कधी आहे ते कळवणे, आकृती तपासून देईन. आणि अगदी तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून कडेने आडवं लिहिलेलं:

"ता. क. तुझ्या आईच्या हाती तिथे झाडू देत जाऊ नये. स्टूल द्यावे."